वॉटसन हॉटेल खरंच ताजमुळे बुडालं का? आणि बर्डीतल्या बिडाच्या खांबांचा प्रश्न

रामदासपेठकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. नागपूरच्या जुन्या उद्योगांवर एक छोटं प्रदर्शन लागतंय. एम्प्रेस मिलच्या फलकाचा मसुदा तपासायला आलाय. त्यातलं हे वाक्य बघा:

"मुंबईच्या वॉटसन हॉटेलने जमशेटजींना दारातून परत पाठवले. त्या अपमानातून त्यांनी नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या नफ्यावर ताजमहाल हॉटेल उभारले आणि वॉटसन कायमचे बुडाले."

वाक्य टाळ्या घेणारं आहे, म्हणूनच शंका आली. अपमानाच्या गोष्टीला आधार किती? वॉटसनचं साल कुठे १८६०-६३ दिलंय, कुठे १८७१, त्यातलं खरं कोणतं? आणि वॉटसनची काळा घोड्याची ती इमारत इतकी खिळखिळी का झाली? बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, सांगाडा दीडशे वर्षांत संपतोच असं समजायचं का?

शेवटचा प्रश्न जरा वेगळा, पण याच्याशीच जोडलेला. सीताबर्डी मेन रोडच्या मागच्या गल्लीत एक जुनी दुमजली लॉज आहे. खाली दुकानं, वरच्या खोल्या बरीच वर्षं बंद, पुढच्या गॅलरीला बिडाचे खांब. मालकी एका ट्रस्टची, दुकानदार जुने भाडेकरू. ट्रस्टींना कुणीतरी सांगितलंय की खांबांत काँक्रीट भरा, गंजलेले ब्रॅकेट वेल्डिंग करून घ्या, काम झालं. हे बरोबर आहे का? नसेल तर काय तपासून घ्यावं आणि कोणत्या क्रमानं?

जुनी_वही

ते वाक्य फलकावर जाऊ देऊ नका.

आधी साल. १८६०-६३ हे जागोजागी छापलं जातं, पण ते टिकत नाही. हॉटेल ज्या एस्प्लनेडवर आहे तिथले भूखंड विक्रीला निघाले ते फोर्टची तटबंदी पाडायला घेतल्यावर, आणि ती पाडली गेली बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना. फ्रिअर गव्हर्नर झाला १८६२ ला. मग १८६० मध्ये तिथे हॉटेलचं काम सुरू कसं होणार? सांगाड्याचे भाग इंग्लंडमध्ये तयार झाले, जहाजानं आले आणि १८६७ ते १८६९ या काळात जागेवर जोडले गेले. हॉटेल सुरू झालं १८७१ ला. फलकावर "१८६७-६९ मध्ये उभारणी, १८७१ मध्ये सुरू" एवढं लिहा, कुणी खोडू शकणार नाही.

मालक जॉन हडसन वॉटसन हा मुळात कापडाचा व्यापारी. आराखडा रोलँड मेसन ऑर्डिश या अभियंत्याचा. लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकाच्या अजस्र छपरात त्याचा हात होता, टेम्स नदीवरचा अल्बर्ट ब्रिज त्याचाच. म्हणजे स्टेशनं आणि पूल बांधणाऱ्या माणसानं हॉटेल बांधलं, आणि इमारतीकडे पाहिलं की ते कळतं. पाच मजले, १३० च्या आसपास खोल्या, मध्ये सुमारे ३० बाय ९ मीटरचा काचेच्या छताचा चौक. या चौकाचा वापर नाचघरासारखा व्हायचा. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवली गेली ती इथेच, तिकीट एक रुपया. त्याच वर्षी मार्क ट्वेन इथे उतरला होता.

नागपूरशी धागा जोडायचाच असेल तर अपमानापेक्षा कापसाचा जोडा. अमेरिकेतल्या यादवीच्या काळात (१८६१-६५) मँचेस्टरला कापूस मिळेना, तेव्हा मुंबईत जो पैसा आला त्यात हिंगणघाटच्या कापसाचाही हिस्सा होता. मुंबईनं तट पाडून पाय पसरले ते या पैशाच्या जोरावर. १८६५ ला तो फुगा फुटला तरी शहर वाढायचं थांबलं नाही. आणि वॉटसनचा सांगाडा जोडायला घेतला त्याच १८६७ ला जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची गाडी नागपूरला पोचली. हे फलकावर आलं तर वाचणाऱ्याला काही नवं मिळेल.

आता अपमान. त्याला समकालीन पुरावा सापडत नाही. गोष्ट सांगणाऱ्यांचं हॉटेलच्या नावावरही एकमत नाही. कुणी वॉटसन म्हणतं, कुणी पाइक्स अपोलो. टाइम्स ऑफ इंडियाचे संपादक लोव्हॅट फ्रेझर जमशेटजींना जवळून ओळखत. त्यांच्या लिहिण्याचा मथितार्थ असा की जमशेटजींना हॉटेलमालक होण्याची हौस नव्हती. लोकांनी हिंदुस्थानात यावं आणि मुंबई सुधारावी ही इच्छा होती. त्यात काळ बघा: १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला, लोक शहर सोडून पळाले, आणि दोनच वर्षांत ताजचं काम निघालं. शहराची पत सावरण्याचा विचार त्या वेळी असणं जास्त पटतं. गोऱ्यांच्या हॉटेलांत हिंदी माणसाला मज्जाव असे हे खरंच आहे, पण त्यावरून हा ठराविक प्रसंग सिद्ध होत नाही.

राहिली मिल. एम्प्रेस मिल सुरू झाली १ जानेवारी १८७७ ला. त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, म्हणून ते नाव. पण ती सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग या भागधारकांच्या कंपनीची मिल होती. "मिलच्या नफ्यावर ताज" म्हटलं की कंपनीनं पैसा घातला असं वाटतं. ताजचा खर्च जमशेटजींनी स्वतःच्या खिशातून केला, आणि तोवर त्यांची मुंबईत स्वदेशी मिलही चालू होती. "नागपूरच्या मिलने जमशेटजींना उद्योगपती म्हणून उभे केले" हे ठाम लिहा, पुढचं वाचणारा स्वतः जोडून घेईल.

खोली_नंबर_सात

जुनी_वही यांच्याशी सहमत, फक्त "बुडाले" या शब्दाबद्दल हॉटेलच्या धंद्याच्या बाजूनं थोडं.

ताज उघडलं १६ डिसेंबर १९०३ ला. पहिल्या दिवशी पाहुणे होते १७. म्हणजे दुसऱ्या दिवशी वॉटसन ओस पडलं असं काही झालेलं नाही. पण ताजकडे वीज होती, विजेचे पंखे होते, लिफ्ट होत्या, टर्किश बाथ होते आणि समोर बंदर होतं. आगबोटीतून उतरलेल्या माणसाला समोर तेच दिसणार. वॉटसन तेव्हा तीस वर्षांचं जुनं झालं होतं, आणि भव्य हॉटेलाचं खरं दुखणं हेच असतं की भव्यपणा चटकन जुना होतो. दर पंधरा-वीस वर्षांनी त्यात नव्यानं मोठा पैसा ओतावा लागतो. तो एकदा चुकला की दर उतरतात, दर उतरले की दुरुस्ती लांबते, दुरुस्ती लांबली की गिऱ्हाईक आणखी खालचं येतं. ही उतरण एकदा लागली की परत वर चढणं फार कठीण.

त्यात पाण्याचा हिशेब कुणी करत नाही. जुन्या हॉटेलांत खोलीमागे मोरी, पाणी बादल्यांनी, मैला मागच्या जिन्यानं. नंतर प्रत्येक खोलीला नळ आणि फ्लश हवा झाला. आजच्या भारतीय मानकात साध्या हॉटेलला माणशी रोज १८० लिटर धरतात. १३० खोल्या, खोलीत दोघं, म्हणजे ४६,८०० लिटर. गच्चीवर साठवायचं तर जवळजवळ ४७ टन वजन, आणि ते पाणी खाली न्यायला प्रत्येक मजल्यातून पाइप. विटांच्या जाड भिंतीत खाच पाडता येते. लोखंडी सांगाड्यात गर्डर जिथे आहे तिथेच आहे, पाइपनं त्याला वळसा घालायचा. असं हॉटेल नव्या काळासाठी बदलायचं म्हणजे आतून पूर्ण उसवायचं, आणि तेवढा पैसा उतरत्या धंद्यात कोण घालणार?

कलकत्त्याचं ग्रेट ईस्टर्न आठवा. वॉटसनपेक्षा तीस वर्षं जुनं. तेही उतरलं, सरकारच्या ताब्यात गेलं, रडतखडत चाललं, २००५ ला विकलं गेलं आणि २०१३ ला पुन्हा उघडलं. का उघडू शकलं? कारण विकताना ते एका हातातून एका हातात गेलं. वॉटसनच्या खोल्या शेकडो हातांत वाटल्या गेल्या होत्या. तो भाग कायद्याचा, जाणकारानं लिहावा.

लघुवाद

लिहितो.

वॉटसनचं पुढे एस्प्लनेड मॅन्शन झालं. खोल्यांत पडद्या घालून त्याचे गाळे केले आणि भाड्यानं दिले. शेजारी सिटी सिव्हिल कोर्ट, त्यामुळे वकिलांची ऑफिसं भरपूर. त्यांच्यावर १९४७ चा मुंबई भाडे कायदा लागू. त्यात प्रमाण भाडं ठरवताना १ सप्टेंबर १९४० चं भाडं आधाराला धरलं, आणि ते जवळजवळ तिथेच गोठलं. दुरुस्तीची जबाबदारी मात्र कायद्यानं मालकाची. उत्पन्न १९४० चं, लोखंडाचा आणि मजुरीचा दर चालू सालचा. मालक दुरुस्ती करत नाही कारण परवडत नाही, भाडेकरू करत नाही कारण इमारत त्याची नाही, आणि जागा सोडत नाही कारण त्या भाड्यात फोर्टमध्ये दुसरी मिळणार नाही. ज्याचा त्याचा हिशेब आपापल्या जागी बरोबर. गॅलरी पडली तर दोष कुणाचा, हे ठरवायला मग वर्षानुवर्षं जातात.

२००५ ला गॅलरीचा भाग कोसळून एक जण दगावला. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या धोक्यातल्या शंभर वारसास्थळांच्या यादीतही तेव्हाच हे नाव आलं. २०१८ ला पुन्हा गॅलरी पडली. २०१९ ला हायकोर्टाच्या आदेशानं इमारत रिकामी झाली. आयआयटी मुंबईच्या अहवालात पाडण्याची शिफारस होती. वारसा संवर्धनातल्या जाणकारांनी तिला विरोध करून दुरुस्ती शक्य असल्याचं मांडलं.

आता बर्डीची लॉज. मुंबईच्या बातम्या वाचून "म्हाडाकडे अर्ज करा" असं कुणी सांगेल. उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारती आणि त्यांचं दुरुस्ती मंडळ ही व्यवस्था मुंबई शहर बेटापुरती आहे. नागपुरात तसं काही नाही, पैसा ट्रस्टनंच उभा करायचा.

नागपूरला १९४९ चा सीपी अँड बेरारचा भाडे नियंत्रण आदेश होता. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू. त्यात मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ घेता येते. २००० ला महिना २०० रुपये असेल तर पंचवीस वर्षांनी सव्वापाचशेच्या आसपास. मालक दुरुस्ती करत नसेल तर भाडेकरूनं किमान १५ दिवसांची नोटीस देऊन स्वतः करायची आणि खर्च भाड्यातून कापायचा अशी सोय कलम १४ मध्ये आहे, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. म्हणजे वरच्या उदाहरणात सोळाशेच्या आत. त्यात गॅलरीचा रंगही होणार नाही. त्यामुळे दुकानदारांशी लेखी करार करून खर्च वाटून घेणं हाच व्यवहारी मार्ग. एखादा गाळा बँकेकडे किंवा एक कोटी व त्यावर भरणा भांडवल असलेल्या कंपनीकडे असेल तर त्याला या कायद्याचं संरक्षणच नाही, त्याच्याकडून बाजारभावानं भाडं मागता येतं. ट्रस्टी हे बहुतेक वेळा विसरतात.

इमारत तीस वर्षांवरची, म्हणजे महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र मनपाला द्यावं लागतं. ते आपणहून द्या. कलम २६४ ची धोकादायक इमारतीची नोटीस आल्यावर धावपळ केली की दुकानदारांना वाटतं ट्रस्टनंच नोटीस घडवून आणली, आणि प्रकरण लघुवाद न्यायालयात जातं. कामासाठी गाळा तात्पुरता रिकामा हवा असेल तर आधी प्रत्येकाच्या जागेची मोजणी, नकाशा, दोघांच्या सह्या, परत ताबा देण्याची लेखी हमी. इमारत शहराच्या हेरिटेज यादीत आहे का ते पाहा. असेल तर हेरिटेज संवर्धन समितीची परवानगी आधी, परांची नंतर. आणि लॉज कुणाला चालवायला देताना तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा करायचा असेल तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते.

बीम_कॉलम

लघुवाद यांचं सगळं मान्य, पण भाडं गोठलं म्हणून लोखंड गंजत नाही. लोखंड पाण्यानं गंजतं. तेव्हा त्या बाजूनं सांगतो.

"बीड दीडशे वर्षांत संपतं" हे चूक. कोरडं राहिलेलं बीड आणखी दीडशे वर्षं उभं राहील. वॉटसनमध्ये वजन भिंतींवर नाही, लोखंडी सांगाड्यावर आहे. विटा फक्त चौकटी भरतात. त्यामुळे सांगाडा कुठे हवा खातोय आणि कुठे पाणी पितोय यावर सगळं ठरतं. सगळ्यात आधी गॅलऱ्या गेल्या यात नवल नाही. गॅलरी बाहेर लोंबते, मुंबईचा पाऊस आणि समुद्राची खारी हवा थेट खाते, आणि तिचं ब्रॅकेट भिंतीत जिथे शिरतं तिथे पाणी साचतं. गंज मूळ धातूच्या कितीतरी पट जागा व्यापतो, तो सांध्यातच फुगतो आणि वीट, दगड, बोल्ट सगळ्यांना ढकलून बाहेर काढतो.

दुसरं, वजन. हॉटेलच्या खोलीला आज आपण चौरस मीटरला २०० किलो चल भार (माणसं आणि सामानाचं वजन) धरतो. फायली त्याच खोलीत ठेवणाऱ्या ऑफिसला ४०० किलो. खोलीचं वकिलाचं ऑफिस झालं की भार दुप्पट. वर साडेचार इंची विटांची पडदी: तीन मीटर उंच, दोन्ही बाजूंनी प्लास्टर, धावत्या मीटरला सुमारे ८०० किलो. चार मीटरची एक पडदी म्हणजे तीन टनांवर, आणि ती गर्डरच्या बरोब्बर वर येईलच असं नाही. मग पोटमाळे, टाक्या, मोऱ्या. मूळ अभियंत्यानं हा हिशेब केलेलाच नव्हता.

आता लॉज. क्रम महत्त्वाचा आहे.

पहिल्यांदा धातू ओळखा. जुन्या इमारतीत बीड, घडीव लोखंड आणि नंतर घातलेलं स्टील तिन्ही शेजारी शेजारी सापडतं, आणि रंगाच्या पाच-सहा थरांखाली सगळं सारखंच दिसतं. लोहचुंबक तिन्हीला चिकटतो, त्याचा उपयोग नाही. बिनमहत्त्वाच्या जागी छोटं ड्रिल मारून काय निघतं ते बघा. काळसर भुकटी निघाली तर बीड. गुंडाळलेली लांब कात निघाली तर घडीव लोखंड किंवा स्टील. खांबाच्या बुडाशी किंवा टोपीखाली ओतशाळेचं नाव उठवलेलं असतं, रंग खरवडून ते शोधा. रंग खरवडताना कोरडा घासू नका. जुन्या रंगात शिसं असतं, ओला करून खरवडा, मास्क लावा, पडलेला चुरा गोळा करा.

मग ओळंबा. प्रत्येक खांब दोन दिशांनी. बिडाचा खांब दाब उत्तम सोसतो, पण ताण सोसण्याची ताकद त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकीच. खांब कलला की त्याच्या एका बाजूला ताण येतो, आणि बीड वाकून सूचना देत नाही, सरळ तडकतं. म्हणून पाया खचणं याला फार वाईट. बर्डीत टेकडीच्या अंगाला मुरूम-खडक वर लागतो, पण गल्लीगणिक फरक असतो. काळ्या मातीचा थर असेल तर ती उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते. दोन खांबांच्या बुडाशी खड्डा घेऊन पाया खरंच कशावर टेकलाय ते डोळ्यानं बघा. गटाराची फुटकी लाइन खांबाजवळून जात असेल तर तिथूनच सुरुवात करा.

तिसरी तपासणी जाडीची. खांब पोकळ असतात. आडव्या साच्यात ओतताना आतला गाभा सरकतो, त्यामुळे एका बाजूला भिंत जाड, समोरच्या बाजूला पातळ. बाहेरून काहीच कळत नाही. अल्ट्रासॉनिक मीटर बिडावर फसवा आकडा देतो, कारण आतल्या ग्रॅफाइटनं लहरी विखुरतात. खात्रीचा उपाय म्हणजे ६ मिमीची तीन भोकं, गोलाईत १२० अंशांवर, हुकाच्या तारेनं जाडी मोजायची, नंतर थ्रेडेड प्लगनं बुजवायची. एकाच आडव्या रेषेत तिन्ही नकोत, थोडी वरखाली ठेवा. भोक पाडल्यावर आतून पाणी आलं तर समजा गच्चीची पन्हळ याच खांबातून उतरवलेली आहे. त्या काळात ती सर्रास पद्धत होती. ते पाणी पहिलं वळवायचं, बाकी सगळं नंतर.

बारीक तडे डाय पेनिट्रंटनं दिसतात: साफ करा, लाल द्राव लावा, पुसा, पांढरा डेव्हलपर मारा. तडा लाल रेघ म्हणून उमटतो. टोपी आणि गर्डरची बैठक, ब्रॅकेटचा कोपरा, बोल्टच्या भोकांभोवती एवढ्या जागा पुरेत. आडव्या गर्डर बिडाच्या निघाल्या तर त्यांच्या खालच्या पट्टीला हात लावू नका. तिथे ड्रिल नको, हुक नको, पंख्याचा क्लॅम्पही नको. सगळा ताण तिथे असतो.

जमीन जॅक आर्चची असेल, म्हणजे दोन गर्डरींत विटांची उथळ कमान, तर शेवटचा गाळा बघा. प्रत्येक कमान शेजारच्या कमानीला ढकलून उभी असते. टोकाच्या कमानीला फक्त टाय रॉड धरतो. कुणी पाइपसाठी तो रॉड कापलेला असला की त्या ओळीला धोका. दुरुस्ती सुरू करताना एखादी कमान फोडायची वेळ आली तर शेजारच्या दोन्हींना आधी टेकू.

हे सगळं करायला तासावर काम करणारा ऑडिटर नको. आरसीसीचा रिबाउंड हॅमर (काँक्रीटची मजबुती तपासायचा हातोडा) घेऊन येणारा माणूस बिडाच्या खांबावर काय मोजणार? कोटेशन मागताना स्पष्ट लिहा: धातूची ओळख, तीन-भोक जाडी, पायाचे दोन खड्डे, चल भाराचा हिशेब. ज्याला हे कळेल तोच उत्तर देईल. नमुन्याची रासायनिक तपासणी आणि ताणचाचणी व्हीएनआयटीसारख्या अभियांत्रिकी संस्थेच्या प्रयोगशाळेतून करून घ्या. नमुना तुटलेल्या जाळीतून किंवा कठड्यातून घ्या, खांबातून नाही.

महाल_गेट

बीम_कॉलम भाऊ, एक सांगा. आपल्याकडे समुद्र नाही, खारी हवा नाही, पाऊस मुंबईच्या निम्माही नाही. मग नागपुरात बीड सडते कायले? बर्डीत न् इतवारीत मी पाह्यले ते खांब वरून ठणठणीत दिसते, गॅलरीच्या काठाले मात्र पोपडे.

बीम_कॉलम

कूलर.

मार्च ते जून गॅलरीत डेझर्ट कूलर. टाकी ८० लिटरची, पत्र्याची बॉडी आणि स्टँड धरला की एक क्विंटलच्या वर, आणि तो ठेवतात नेमका गॅलरीच्या कठड्याला लागून, जिथे ब्रॅकेटवर सगळ्यात जास्त जोर येतो. फ्लोट बिघडला की पाणी दिवसभर गॅलरीवर. जे चार महिने लोखंड वाळायला हवं, त्याच चार महिन्यांत ते ओलं. त्यात आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षारांचं. पॅडवर पांढरा थर बसतो तोच थर ब्रॅकेटच्या सांध्यात बसतो आणि ओल धरून ठेवतो. वर मे महिन्यात ४५ अंशांत तापलेल्या लोखंडावर हे गार पाणी. लॉजमध्ये आठ खोल्या, आठ कूलर असतील तर मुंबईचा पाऊस आपणच विकत घेतो म्हणा. कूलर खाली जमिनीवरून उभ्या केलेल्या वेगळ्या अँगलच्या स्टँडवर घ्या, गॅलरीचा आधार नको, आणि ओव्हरफ्लोचा पाइप थेट नालीत.

रामदासपेठकर

सगळ्यांचे आभार. फलकाचं वाक्य बदलतो, कापसाचा धागा घेतो. फक्त काँक्रीट भरण्याचं आणि वेल्डिंगचं राहिलं. ट्रस्टींना "नको" एवढंच सांगितलं तर ते ऐकणार नाहीत, कारण हवं. आणि इमारत अहवाल येईपर्यंत तशीच वापरात ठेवायची का?

बीम_कॉलम

वेल्डिंग: बिडात कार्बन साधारण २ ते ४ टक्के. साधा रॉड लावून वेल्डिंग केलं की जोडाच्या शेजारची पट्टी कडक आणि ठिसूळ होते. थंड होताना आकसते आणि जोडाला लागूनच नवा तडा जातो, कधी त्याच रात्री, कधी पुढच्या उन्हाळ्यात. वर्कशॉपमध्ये पूर्ण तुकडा तापवून, निकेलच्या रॉडनं, हळूहळू थंड करत करता येतं. जागेवर, वजन अंगावर असलेल्या खांबाला नाही. तडा शिवायचा असेल तर मेटल स्टिचिंग करणारे आहेत: तड्याला आडव्या खाचा पाडून त्यात धातूच्या चाव्या ठोकतात, उष्णता अजिबात नाही. जुन्या इंजिनांचे ब्लॉक असेच दुरुस्त होतात, त्यामुळे कारागीर इंजिनवाल्यांकडे विचारा, फॅब्रिकेशनवाल्यांकडे नाही. ब्रॅकेट पार गेलेलं असेल तर एका चांगल्या ब्रॅकेटवरून लाकडी साचा करून नवीन ओतून घ्या. गार होताना बीड सुमारे एक टक्का आकसतं, साचा तेवढा मोठा.

काँक्रीट: भरताना आतल्या गंजावर, घाणीवर ओततात, ते धातूला चिकटत नाही. वजन वाढतं, ताकद कागदावर वाढते. वरून पाणी शिरलं तर मधल्या फटीत अडकतं आणि खांब आतून गंजतो, आणि नंतर तो कधीच तपासता येत नाही. बाहेरून आरसीसीचं जॅकेट घालणं त्याहून वाईट. एवढं सांगा: जे परत काढता येत नाही ते करायचं नाही.

रंगासाठी तारेचा ब्रश, हातानं, उघडं लोखंड दिसेपर्यंत. त्याच दिवशी झिंक फॉस्फेट प्रायमर, मग दोन हात. बाजारातला साधा रेड ऑक्साइड मारून दिवाळीआधी उरकलेलं काम दुसऱ्या पावसाळ्यात सोलतं. रंगाआधी सांधे भरा, आणि गॅलरीच्या जमिनीला बाहेरच्या बाजूला उतार द्या, मीटरला एक सेंटिमीटर पुरेल.

अहवाल येईपर्यंत: गॅलरी बंद, तिच्यावर माणूस नाही, कुंडी नाही, सामान नाही. खाली दुकानांसमोर गॅलरीला स्टीलचे टेकू, बुडाला लाकडी फळी, वर पाचर हातानं घट्ट. जॅकनं उचलायला जाऊ नका, खालून वर दिलेला धक्काही बिडाला ताणच देतो. आणि खालच्या दुकानांत चहाची किंवा भज्याची भट्टी असेल तर ती खांबापासून हलवा. तापलेल्या बिडावर आगीत पाण्याचा फवारा पडला की ते फुटतं. अग्निशमनवाल्यांना इमारतीत बिडाचे खांब आहेत हे आधीच लेखी कळवून ठेवा, पत्राची पोच घ्या.